डाव्या हातातला कंदील

ती मुलाखत कुणीही दिलेली नव्हती. ती मी लिहिली होती, जिते स्टेशनच्या बाकावर बसून, गाडी लेट असताना. जादूगारांच्या त्या सिनेमांसाठी सामानसुमान सांभाळणारी कुणी बाई परदेशात आहे, ती एका मासिकाशी बोलली आणि ते बोलणं नेमकं माझ्या वाचनात आलं, हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं होतं. बाई नव्हती, मासिक नव्हतं. लेट गाडी तेवढी खरी होती.

मी जित्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. मुलांच्या नकाशात नदी डोंगरावर चढलेली दिसली की मी लाल पेनाने गोल करतो. असा माणूस खोटा पुरावा तयार करतो, तेव्हा तो किती नीटनेटका करतो हे मला त्या दिवशी कळलं.

आधी त्या सिनेमांबद्दल सांगायला हवं. जादूगारांच्या एका किल्ल्याची गोष्ट आहे, आठ भागांची. आमची मुलं लहान असताना त्यांच्या हट्टापायी आम्ही ते भाग बघायला लागलो. मुलं मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, त्यांना त्या सिनेमांची लाज वाटायला लागली. आम्हाला नाही वाटली. आमचा पेण-रोहा असा ग्रुप झाला, आणि आपल्याकडे चार माणसं एकत्र आली की जे होतं ते झालं: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव. जमाखर्च काहीच नसताना एक खजिनदारही नेमला. ते खजिनदार म्हणजे धरमतरकडचे माझे एक मित्र, मिठागरवाले. सचिव होत्या पेणच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाई. उपाध्यक्ष मी. आणि अध्यक्ष माझे साडू, रोह्याचे.

साडू माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. कंपनीत शिफ्टची नोकरी, आवाज मोठा, आणि त्याहून मोठी मिशी. दोन्ही टोकं वर वळवलेली. त्यांच्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या आधी ती दिसते.

ग्रुपमध्ये वाद एकच होता. सहाव्या भागाच्या शेवटी काळं सैन्य किल्ल्यावर चालून येतं, तेव्हा म्हातारा द्वारपाल जादूगार आतून दार लावतो आणि दाराला पाठ टेकून दगडाचा होतो. दगड होताना त्याच्या उजव्या हातात कंदील असतो. सातव्या भागात नायक त्या दगडासमोरून जातो, आणि तेव्हा कंदील डाव्या हातात असतो. आठव्या भागात त्याचं नावही निघत नाही. मग तो मेला, की दगडाच्या आत जिवंत आहे? ह्या प्रश्नावर आमच्यात दोन पक्ष पडले, दगडवाले आणि जिवंतवाले. दगडवाल्यांचा पुढारी मी होतो, जिवंतवाल्यांचे दादा. माझं म्हणणं साधं होतं: कंदील डावीकडे गेला ही चित्रीकरणातली चूक आहे. आमच्या जिल्ह्यात पाण्यावरून, रस्त्यावरून, कंपनीच्या धुरावरून भांडायला भरपूर जागा आहे. आम्ही शिकलेली माणसं कंदिलावरून भांडत होतो, आणि फार पोटतिडकीने.

पावसाळा सुरू झाल्यावर एका रविवारी सगळे माझ्या घरी पेणला जमले. बायकोने पोह्याचे पापड भाजले होते. दादांनी टीव्हीचा रिमोट हातात घेतला, सातवा भाग लावला आणि नायक त्या दगडासमोर येताच चित्र थांबवलं.

"मास्तर, इकडे या. पायाशी बघा. काय दिसतं?"

मी जवळ गेलो. "धूळ."

"धुळीत काय दिसतं?"

धुळीत पावलाचा अर्धवट ठसा होता. दगडाच्या पायाशेजारी. इतके वेळा तो भाग पाहून मला तो दिसला नव्हता.

सगळे टीव्हीजवळ सरकले. मग खजिनदार म्हणाले, "मास्तर, माझ्या बांधावरचा दगड कवा हललेला मी बघितला नाय. ह्यो हललाय. म्हंजे जिवंत हाय." हे गृहस्थ सकाळपर्यंत माझ्या पक्षात होते.

"चुकून कुणाचा तरी पाय पडला असेल," मी म्हणालो. "चित्रीकरणात..."

"तुमचं काय हो, हातही चुकून, पायही चुकून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळे हसले. बायको पापडांची दुसरी रास घेऊन आली होती. तीही हसली आणि म्हणाली, "भाऊजींचं बरोबर वाटतं हो."

ते वाक्य मला लागलं. माझी बाजू घेऊन ती कधी जादूगारांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

दादा खुर्चीत मागे टेकले. मिशीला हात गेला. "तो मेलाय असं कुणी पुराव्यासकट दाखवावं. ही मिशी उतरवीन."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जित्याच्या बाकावर मी मुलाखत लिहिली. सामान सांभाळणारी बाई म्हणते: 'त्या दिवशी घाईत मी कंदील डाव्या हातात अडकवला. धुळीतला ठसा माझ्याच बुटाचा. म्हातारा मेलेलाच आहे. दिग्दर्शक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.' शेवटचं वाक्य मी खरेपणासाठी घातलं. वर लिहिलं, 'परदेशी मासिकातून, अनुवादित.' गाडी आली तेव्हा मजकूर ग्रुपवर गेला होता, आणि पेणला उतरेपर्यंत मी जिंकलो होतो. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'बाईंचा प्रामाणिकपणा भावला.' खजिनदार पुन्हा माझ्या पक्षात आले.

मला वाटलं होतं, दादा वाद घालतील. चार दिवस घालतील, मग विसरतील. दादांनी एवढंच लिहिलं: 'पुरावा आहे म्हटल्यावर मान्य. उद्या शिफ्ट सुटली की न्हाव्याकडे जातो.'

त्या वेळी खरं लिहायला मला एक ओळ पुरली असती. मी बोट ठेवलं, उचललं, आणि अंगठा पाठवला.

दुसऱ्या संध्याकाळी फोटो आला. मी त्यांना ओळखलंच नाही. इतकी वर्षं ऊन न लागलेली ओठावरची कातडी पांढरी पडली होती, आणि तिच्याखाली दादा हसायचा प्रयत्न करत होते. ग्रुपवर सगळ्यांनी हसणारे चेहरे पाठवले. मीही पाठवला. एक नाही, तीन.

आता दादांचे वडील. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. वय बरंच, पाठ ताठ, कान मात्र सोयीप्रमाणे चालतात. आपल्याकडे बाप गेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. बाप खुर्चीत बसून चहा पीत असताना मुलगा बिनमिशीचा घरात शिरला, तर बापाने काय समजायचं?

हे मी बाकावर बसून मुलाखत लिहिताना मनात आणलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आता तेही सांगत नाही. मिशी उतरवायची म्हणजे काय, हे मला माहीत होतं. फक्त ती खरंच उतरेल असं वाटलं नव्हतं.

पुढचं मला ताईच्या, म्हणजे मेहुणीच्या, फोनवरून कळलं. बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता.

"अगो, काय सांगू," ताई म्हणाली. "आप्पांनी ह्यांना बघितलं आणि म्हणाले, मी अजून हाय रे! ह्यांना सिनेमाचं सांगायची लाज वाटली. म्हणाले, कंपनीत नवीन मास्क आलेत, मिशीवर नीट बसत नाहीत."

"मग?"

"मग काय! आप्पा काठी घेऊन कोपऱ्यावर गेले. तिकडचा एकजण ह्यांच्याच कंपनीत आहे, ह्यांच्याच प्लांटला. त्याची मिशी ह्यांच्यापेक्षा दांडगी. झालं, खोटं पकडलं."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण दादांना बाजारात कुणीतरी तसं पाहिलं आणि गल्लीत आप्पा गेल्याची बातमी पसरली. शेजारच्या काकू रीतीप्रमाणे पातेलंभर पिठलं-भात घेऊन आल्या. दार आप्पांनी उघडलं.

"ती बिचारी पातेलं टाकून पळणार होती," ताई सांगत होती. "आप्पांनी ते हातातून घेतलं, ह्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, जेव. बाप मेल्याचं जेवण हाय."

बायको हसली. मग तिच्या लक्षात आलं की ताई हसत नाही.

"तेव्हापासून आप्पा ह्यांच्याबरोबर पानावर बसत नाहीत. मी दोनदा वाढते. आणि आता म्हणतात, मी मेलोय ना, मग घरात सुतक. सुतकाच्या घरी गणपती बसत नाय. पेणला सांग, पाट कारखान्यात द्यायचा नाय."

दादांच्या घरचा पाट वर्षभर आमच्या माळ्यावर असतो. फणसाचा, जुना, एका कोपऱ्याला चिरलेला. आषाढात मी तो धुतो, हळदकुंकू लावतो आणि आमच्या आळीतल्या मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतो. त्याच पाटावर त्यांचा मातीचा गणपती घडतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा पेणला येतात आणि पाटासकट मूर्ती रोह्याला नेतात. हे आप्पांच्या तरुणपणापासून चालू आहे. तेव्हा तो आमच्याऐवजी दुसऱ्याच कुणाच्या माळ्यावर असे, पण राहायचा पेणलाच. आणि तो ह्या वर्षी माळ्यावरून उतरणार नव्हता, कारण एका दगडाने कंदील कुठल्या हातात धरला ह्यात मला हरायचं नव्हतं.

माणूस एवढं कळल्यावर उठतो आणि खरं सांगतो, असं कुणाला वाटेल. मी दुसरी मुलाखत लिहिली.

तिच्यात बाईने माघार घेतली. 'मी गंमत केली होती, कंदील मी अडकवलाच नाही, म्हाताऱ्याचं काय झालं ते मलाही ठाऊक नाही,' असं तिने प्रांजळपणे सांगितलं. 'मला कुणीतरी पाठवलं, खरं-खोटं बघा,' असं वर लिहून मी ती ग्रुपवर टाकली. मला वाटलं, दादा निर्दोष ठरतील, आप्पांना काहीतरी सांगता येईल, आणि मला काही करावं लागणार नाही. पण ग्रुपने ती मुलाखत पाहताक्षणी फेटाळली. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'ही सरळ सरळ बनावट आहे. पहिली वाचा, किती आतून आलेली आहे! हिची भाषा एखाद्या मास्तरासारखी वाटते.' खजिनदारांनी लिहिलं, 'जिवंतवाल्यांचा डाव.' आणि दादांनी, ज्यांच्यासाठी मी हे केलं होतं, त्यांनी लिहिलं, 'मंडळी, हरल्यावर असले खोटे पुरावे आणू नयेत. आपल्या ग्रुपला शोभत नाही.'

त्याच आठवड्यात शाळेत एका सहकाऱ्याने मला पहिली मुलाखत दाखवली. कुठून कुठून फिरून आली होती. वाटेत तिच्यात भर पडली होती: त्या चुकीपायी बाईची नोकरी गेली होती आणि आता ती डोंगरात एकटी राहत होती. "वाईट झालं हो," सहकारी म्हणाला. मला खरंच वाईट वाटलं, त्या बाईसाठी. दादांसाठी जितकं वाटायला हवं होतं, त्याहून थोडं जास्तच.

मूर्तिकार दारावरून जाताना ओरडून गेला, "मास्तर, रोह्याचा पाट कुठाय? माती संपल्यावर आणताय काय?"

बायको आत मेथी निवडत होती. "आता त्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. "भाऊजींनी असं का केलं, देव जाणे."

मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. दोन्ही मुलाखती सांगितल्या. ती मेथी निवडतच राहिली. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

"ती डोंगरातली बाई?"

"तीही नाही. म्हणजे, डोंगर माझा नाही. तो कुणीतरी नंतर घातला."

"ताई दोनदा पानं वाढते," ती म्हणाली. "आणि तुम्ही हसरे चेहरे पाठवता. किती पाठवले होते?"

"तीन."

ती उठली, हात धुतले आणि स्टूल आणून माळ्याखाली ठेवलं. "पाट काढा. आधी रोह्याला न्या. त्यांनी हो म्हटलं तर परत आणून कारखान्यात द्या. आणि तिसरी मुलाखत वाटेत लिहू नका."

शनिवारी दुपारच्या गाडीने मी पाट घेऊन निघालो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला होता. समोरच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "पाट पेणला येतो, मास्तर. तुम्ही उलटे कुठं चाललात?" मी म्हणालो, दुरुस्तीला. नागोठण्याला अंबा नदी काठ भरून वाहत होती. पाण्याकडे बघत मी बोलायचं वाक्य तयार करत होतो आणि दरवेळी ते वाक्य 'गंमत म्हणून' ने सुरू होत होतं.

रोह्याच्या घरी आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. आपण आहोत हे रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसावं म्हणून ते आता तिथेच बसत, असं ताई नंतर म्हणाली. त्यांनी पाट पाहिला.

"व्हय, बरं केलंस. मेलेल्याच्या घरचा पाट परत आणलास."

दादा आतून आले. ओठावर खुंट वाढले होते, अर्धे पांढरे. "या मास्तर." त्यांनी माझ्या हातातला पाट घ्यायला हात पुढे केला. मी तो सोडला नाही. सोडला असता तर मी चहा पिऊन परत गेलो असतो, हे मला माहीत होतं.

"आप्पा, दादांनी मिशी उतरवली ती माझ्यामुळे," मी म्हणालो, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जादूगार, किल्ला, कंदील, पैज. आप्पांचे कान त्या दिवशी उत्तम चालत होते. मी मुलाखतीपर्यंत आलो तेव्हा दादा दाराच्या चौकटीला टेकले.

"म्हणजे मास्तर, ती सामानवाली बाईसुद्धा नाही?"

"नाही दादा."

"मी लोकांना तिचं उदाहरण देत होतो हो," दादा म्हणाले. "शिफ्टमध्ये एकाकडून व्हॉल्व्ह उघडा राहिला, तेव्हा त्याला म्हटलं, त्या बाईसारखी चूक कबूल कर. त्याने केली."

आप्पांनी काठी आपटली.

"सिनेमापायी?" ते मुलाला म्हणाले. "मला का नाय सांगितलास?"

"लाज वाटली, आप्पा."

"मी मेल्याचं गावाला सांगताना नाय वाटली?" मग माझ्याकडे वळून, "कुठाय तो दगड? दाखव मला. एवढी मिशी गेली, कशापायी गेली ते बघू तरी."

ताईने टीव्ही लावला. आप्पा खुर्चीसकट आत आले. आम्ही सहाव्या भागाचा शेवट लावला, मग सातव्यातला तो प्रसंग लावला, आणि दादांनी चित्र थांबवलं, त्या रविवारी थांबवलं होतं तिथेच. आप्पांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं.

"म्हातारा दाराला टेकून गप बसला, तर लगेच मेला व्हय?" ते म्हणाले. "हात अवघडला असंल, कंदील बदलला. मी पण काठी बदलतो." आणि ताईला, "अगो, ह्या दोघांना चहा टाक. माझं पान आज ह्याच्या शेजारी मांड. आणि मास्तर, त्यो पाट खाली ठेवू नको. सांजच्या गाडीनं परत ने."

ग्रुपमधल्या वादाचा निकाल असा लागला. निकाल देणाऱ्याने दोन प्रसंग पाहिले होते आणि त्याला सिनेमाचं नावही ठाऊक नव्हतं.

मला सुटल्यासारखं झालं. चहा आला, आप्पा टीव्हीसमोर रमले, पुढे काय होतं ते मला विचारायला लागले. मी हसत हसत सांगू लागलो. असंच हसत निघून आलो असतो. पण मधेच लक्ष गेलं, दादा खोलीत नव्हते.

ते बाहेर, आप्पांच्या रिकाम्या झालेल्या जागी, पायरीवर बसले होते. हात सवयीने वर जात होता आणि ओठापाशी जाऊन परत खाली येत होता. मी पाट काखेत घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"आप्पा खूश आहेत," मी म्हणालो.

"हो."

"मिशी वाढेल दोन महिन्यांत."

"वाढेल." मग त्यांनी खिशातून फोन काढला, ग्रुप उघडला आणि ते तीन हसरे चेहरे माझ्यापुढे धरले. "बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, मास्तर. तुम्हाला ठाऊक होतं. ह्यावर एवढं का हसलात, ते काही कळलं नाही."

आतून आप्पा ओरडले, "अरे, दार उघडतंय बघ!" आम्ही दोघंही उठलो नाही.

मग मी फोन माझ्या हातात घेतला आणि तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच फोनवरून ग्रुपला लिहिलं, 'मी मास्तर. दोन्ही मुलाखती मी लिहिल्या. ती बाई नाही.' फोन त्यांना परत दिला. आणि गाडीत तयार केलेलं वाक्य टाकून देऊन त्यांना म्हणालो, "दादा, मी हरलो होतो. तुमच्यापुढे, माझ्या घरात, बायकोदेखत हरलो होतो, आणि ते मला सोसलं नाही. तुम्ही दिलेला शब्द पाळाल हे मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो. आप्पांसमोर तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."